गिऱ्हाइकाच्या दोन खुर्च्या

मिस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक लिपस्टिक असायची. लालभडक. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा भलताच रंगेल दिसतोय. मग मिस्त्री त्याला स्टुलावर बसवायचा, तुटल्या पायावरचा मोजा उतरवायचा, बोटांनी चाचपत हाडाचं टोक हुडकायचा आणि त्या टोकावर लिपस्टिकचा ठिपका द्यायचा. वर नव्या पायाची, तुटका पाय आत घेणारी वाटी चढवायची, चार पावलं चालवायचं, वाटी उतरवायची. आत जिथं लाल उमटलं तिथं हाड टेकतंय. तिथं कानस. पुन्हा ठिपका, पुन्हा चार पावलं. लाल उमटायचं थांबेपर्यंत हे चालायचं. कधी दुपारी संपायचं, कधी तिसऱ्या दिवशी.

"दुखतंय का?" असं मिस्त्री कधी विचारायचा नाही. त्याचं म्हणणं होतं, "ज्याला दुखतं तो बोंबलत येतोच. मला भीती त्याची नाही. ज्याला दुखत नाही त्याची आहे."

धारवाल्याचा पाय याच हातनं निघालेला. धारवाला म्हणजे करवतींना धार लावणारा. पूर्वी लाकडाच्या गिरणीत कामाला होता. तिशीत पट्ट्याच्या करवतीनं त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नेला, आणि हा पठ्ठ्या बरा होऊन आला तो करवतींनाच धार लावत बसला. लोक हसायचे. तो म्हणायचा, "तिनं माझं जे करायचं ते केलं. आता तिचे दात माझ्या हातात आहेत." बाजाराच्या मागल्या गल्लीत त्याचं दुकान. दुकान कसलं, एक शिकंजा, एक खुर्ची आणि भिंतीवर टांगलेल्या तीस-चाळीस कानशी. सुतार लांबून यायचे, कारण दाताला दात सारखा लावावा तर त्यानंच.

हात चांगला होता, पण तोंड त्याहून तिखट. मिस्त्री कामाला होता त्या पायांच्या कारखान्यात वर्षातनं दोनदा जायचा आणि दोन्ही वेळा एकेक तक्रारीचा कागद ठेवून यायचा. बाकडं बुटकं आहे, एका पायाच्या माणसानं त्यावरनं उठायचं कसं? दारात दोन पायऱ्या आहेत आणि धरायला कठडा नाही. पाय बनवणाऱ्यांना पायाची एवढी अक्कल नसावी? एका पायाला तीन-तीन महिने थांबायचं, तोवर माणसानं काय कोंबडीसारखं उड्या मारत जगायचं?

कारखाना लहानच. तीस-पस्तीस माणसं. थोरले साहेब गेले आणि धाकटे साहेब गादीवर आले. माणूस वाईट नव्हता. तक्रारींची जुनी फाईल त्यानं पहिल्यापासनं शेवटपर्यंत वाचली म्हणतात. आणि एक दिवस त्यानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, "पाय आम्ही बनवतो, पण घालता तुम्ही. मग ठरवायचं आम्हीच का? इथनं पुढं चालक मंडळात सात खुर्च्या. तीन कंपनीच्या, दोन कामगारांच्या, दोन गिऱ्हाइकांच्या. सातही हात सारखे."

गिऱ्हाइकांनी चिठ्ठ्या टाकल्या. एक खुर्ची धारवाल्याला मिळाली, त्यात कुणाला नवल वाटलं नाही. दुसरी मिळाली इस्त्रीवालीला. तिच्या नावावर एकसुद्धा तक्रार नव्हती. पण अर्ध्या गावाचे कपडे तिच्या टेबलावरनं जायचे, त्यामुळं सगळे तिला ओळखायचे. विधवा बाई, पन्नाशीची, अबोल. साखरेच्या दुखण्यानं डावं पाऊल सडलं, ते घोट्याच्या वर कापलं, आणि मिस्त्रीच्या पायावर ती दिवसातले दहा तास उभी राहून इस्त्री मारायची.

घरी धारवाल्याच्या बायकोनं बातमी ऐकली आणि हातातली परात खाली ठेवली.

"म्हणजे आता तुमचं तोंड कंपनीनं विकत घेतलं म्हणा की."

"विकत कुणी घेतलंय? मान दिलाय."

"तेच ते. आता घरात चहा मागताना पण ठराव मांडाल. मी विरोधात, आधीच सांगून ठेवते."

"तू मंडळात नाहीस."

"घरातलं मंडळ मीच आहे," ती म्हणाली आणि परात उचलून गेली.

पण खरं सांगायचं तर तिलाही बरं वाटलं होतं. पहिल्या बैठकीला त्याचा सदरा तिनं इस्त्रीवालीकडनं करून आणला. आणि पहिल्या वर्षात त्या दोन खुर्च्यांनी काम केलं नाही असं कुणी म्हणू नये. बाकडं वीतभर उंच झालं. दारातल्या पायऱ्या जाऊन उतार आला, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा लागला. धारवाला जाता-येता त्या कठड्यावर हात फिरवायचा. तीस वर्षं त्यानं दुसऱ्याच्या करवतींना दात काढले होते. आपण बोललो आणि त्याचं लोखंड झालं, हे सुख त्याला नवं होतं.

इस्त्रीवाली बैठकीला यायची, कोपऱ्यातली खुर्ची धरायची, बशीतला चहा फुंकून प्यायची. मत द्यायची वेळ आली की आधी धारवाल्याच्या हाताकडं बघायची. त्याचा वर गेला की तिचा वर.

"बाई, तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते सांगत जा की," एकदा तो म्हणाला.

"भाऊ, मला कापडातलं कळतं. पायातलं तुम्हाला कळतं. तुम्ही एवढं बोलता ते काय उगीच?"

त्याला ते ऐकून बरं वाटलं. तिथंच खरं तर त्यानं थांबून विचार करायला हवा होता.

दुसऱ्या वर्षी यंत्र आलं. म्हणजे यायचं होतं, ते आणायचं का नाही ते ठरायचं होतं. ते यंत्र तुटल्या पायाभोवती उजेड फिरवायचं, पडद्यावर चित्र काढायचं, आणि दुसरं यंत्र त्या चित्राबरहुकूम वाटी कोरून द्यायचं. प्लास्टर नको, साचा नको, कानस नको. सकाळी माप, दुपारी वाटी. तीन महिन्यांची रांग आठवड्यावर येणार. यंत्राला जागा लागणार ती मिस्त्रीच्या खोलीची. मिस्त्रीचं वय झालेलंच होतं.

धाकटे साहेब म्हणाले, "मी ठरवणार नाही. पाय ज्याच्या अंगाला लागतो तो ठरवेल. धारवाले, तुम्ही नमुन्याचा एक पाय घालून बघा. चांगला वाटला तर सांगा, वाईट वाटला तर तोंडावर सांगा. तुम्ही काही भीडभाड ठेवणारे नाही."

"मी एका पायावर तयार आहे," धारवाला म्हणाला, आणि सगळी बैठक हसली.

यंत्रवाल्यांनी त्याचं माप नेलं. आठ दिवसांनी शनिवारी खोक्यातनं वाटी आली. तिला पाऊल जोडायचं, पट्टे लावायचे आणि आतलं मऊ अस्तर चिकटवायचं काम उरलं होतं, ते मिस्त्रीकडं गेलं. त्याच्याशिवाय ते येणार कुणाला? सोमवारी पाय तयार होता.

धारवाल्यानं तो चढवला आणि उभा राहिला. मग तो चालला. खोलीच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत, मग उतारावरनं खाली, कठड्याला हात न लावता वर. नवा पाय म्हटला की पहिले चार दिवस खडा टोचल्यासारखं व्हायचं. इथं काहीच नाही. जणू काय पाय कधी गेलाच नव्हता. तो पाच दिवस घालून हिंडला, बाजारात गेला, बायकोला मुद्दाम जिना चढून दाखवला.

"बघ, एकदा तरी घासायला लागलं का? पहिल्या दिवसापासनं!"

बायको म्हणाली, "मिस्त्रीला सांगितलंत का?"

"त्याला काय सांगायचं? त्याला वाईटच वाटणार."

पुढच्या बैठकीत मिस्त्रीला बोलावलं होतं. त्याला मत नव्हतं, पण साहेबांनी म्हटलं, त्याचं ऐकून घेऊ. मिस्त्री दाराशीच उभा राहिला. डाव्या हातानं खिशातली लिपस्टिक चाचपत होता. तो डावखुरा होता.

"यंत्र आणा," तो म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही. रांग मोठी आहे, ते मलाही दिसतंय. फक्त माझं टेबल राहू द्या. यंत्रातनं वाटी निघाली की एकदा माझ्या हाताखालनं जाऊ द्या. एवढंच."

साहेब म्हणाले, "मिस्त्री, सगळे पाय पुन्हा तुमच्याच टेबलावर आले तर रांग पुन्हा तेवढीच झाली की."

साहेबांनी धारवाल्याकडं बघितलं. धारवाला उठला. टेबलाला एक चक्कर मारली. मग चांगला पाय उचलून नुसत्या नव्या पायावर उभा राहिला.

"मिस्त्री, राग मानू नका. तुमच्या हातचा पाय मी तीस वर्षं घातला. पण पहिल्या दिवशी असा कधी बसला नाही. हा यंत्राचा आहे, आणि मी त्यावर बगळ्यासारखा उभा आहे. आता माझ्या पायानं साक्ष दिल्यावर माझ्या तोंडानं काय सांगायचं राहिलं?"

मिस्त्रीनं त्याच्याकडं बघितलं. त्याचे ओठ हलल्यासारखे झाले. मग त्यानं मान खाली घातली.

हात वर झाले. कंपनीचे तीन. धारवाल्याचा चौथा. इस्त्रीवालीनं चहाची बशी खाली ठेवली, धारवाल्याच्या हाताकडं बघितलं, आणि पाचवा. कामगारांचे दोन हात टेबलाखालीच राहिले. ठराव झाला. नुसतं यंत्र आणायचा नाही, टेबल काढायचाही.

मिस्त्रीच्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या आणि त्यांवर प्लास्टरचे पाय ओळीनं उभे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तुटल्या पायाचा साचा, त्यावर पेन्सिलीनं खूण. कुणाचा 'गवंडी', कुणाचा 'बाजारातली म्हातारी', कुणाचा 'धार'. खोली रिकामी करताना ते ठेवायचे कुठं हा प्रश्न पडला. फाटकापाशी ट्रकनं रस्त्याला खड्डे पाडले होते. साचे फोडून त्या खड्ड्यांत भरले. पांढरा चुरा बरेच दिवस लोकांच्या चपलांना लागून गावभर फिरत होता.

इस्त्रीवालीला नवा पाय घ्यायचा होता. जुन्याचे पट्टे कुजले होते. ती धारवाल्याच्या दुकानी आली, दाराशीच उभी राहून म्हणाली, "भाऊ, घेऊ का यंत्राचा?"

"घ्या की! विचारता काय? माझ्याकडं बघा."

"टोचत नाही ना?"

"अजिबात नाही."

तिनं घेतला. सकाळी माप, चौथ्या दिवशी पाय. कंपनीतल्या पोरीनं विचारलं, "मावशी, दुखतंय का कुठं?" ती म्हणाली, "नाही." पोरीनं कागदावर खूण केली. आणि ती खोटं बोलली नव्हती. साखरेनं तिच्या पायातली जाण केव्हाच गेली होती. निखारा ठेवला असता तरी तिला वासानं कळलं असतं.

दोन महिन्यांनी ती बैठकीला आली तेव्हा खोलीत कसला तरी वास येत होता. साहेबांनी खिडकी उघडायला सांगितली. धारवाल्याला वाटलं, बाहेरनं येतोय. चहा झाला, विषय झाले, सगळे उठले. ती उठली आणि तिच्या खुर्चीखालची फरशी ओली दिसली. पिवळट. तिनं ती बघितली, पदरानं पुसायला वाकली आणि तशीच खाली बसली.

दवाखान्यात मोजा कापून काढावा लागला. हाडाच्या टोकाशी वाटी टेकत होती, गव्हाच्या दाण्याएवढीच जागा. तेवढ्या जागेनं आत पोखरत जाऊन हाड उघडं केलं होतं. जखम वर चढली होती. डॉक्टरनं गुडघ्याच्या वर कापलं.

गुडघा असलेला माणूस आणि गुडघा गेलेला माणूस यांत काय फरक असतो, ते धारवाल्याला कुणी सांगायची गरज नव्हती. गुडघा होता म्हणून ती दहा तास उभी राहत होती.

त्याच आठवड्यात त्याच्या स्वतःच्या पायाचं अस्तर एका कडेनं सुटलं. कंपनीत जायला त्याला पाय उचलेना, म्हणून तो दुकानातच शिकंज्यात वाटी धरून बसला. सुटलेलं अस्तर चिमट्यानं ओढलं तर सगळंच निघून आलं. त्यानं वाटी उजेडाकडं केली.

यंत्रानं कोरलेली भिंत आरशासारखी गुळगुळीत होती. पण तळाशी, हाडाच्या टोकाच्या जागी, आणि मागं शिरेच्या बाजूला, गुळगुळीतपणा तुटला होता. तिथं कानशीचे ओरखडे होते. अर्धगोल कानस, मध्यम दात. एवढं तो झोपेतही ओळखला असता. ओरखडे उजवीकडनं डावीकडं न जाता उलटे गेले होते. डाव्या हाताचे. आणि सगळ्यात खोल जागेवर, बोटानं पुसलं तरी न गेलेली, लाल डागाची एक फिकी रेघ.

एक सुतार करवत न्यायला आला, दोनदा हाका मारल्या आणि करवत स्वतःच खिळ्यावरनं काढून निघून गेला.

मिस्त्री लेकीकडं राहायला गेला होता. दोन खोल्यांचं घर, मागं कपडे वाळत घालायचा कट्टा. त्या कट्ट्यावर बसून तो नातीच्या बाहुलीला हात चिकटवत होता. जुना पाय घालून आलेल्या धारवाल्यानं वाटी त्याच्यासमोर ठेवली.

मिस्त्रीनं ती उचलली, आत अंगठा फिरवला. "अस्तर कुणी काढलं?"

"हे तुम्ही केलंत."

"मग कोण करणार?"

"केव्हा?"

"रविवारी. खोली बंद होती. तुमचा साचा फळीवर होताच. त्याच्या हाडावर ठिपका दिला, वाटी घालून बघितली. लालीलाल झाली की आत. तीन तास गेले त्यात."

"मला सांगितलं का नाही? तुमचंच टेबल जात होतं! मी तिथं बगळ्यासारखा उभा राहून सांगतोय यंत्राचा पाय, यंत्राचा पाय, आणि तुम्ही दाराशी मुक्यासारखे उभे!"

मिस्त्रीनं बाहुली बाजूला ठेवली. "कारखान्याचा नमुना मी हात लावून बिघडवला, असं झालं असतं ते. साहेबांनी म्हटलं असतं, मिस्त्रीनं मुद्दाम लबाडी केली. आणि दुसरं..." त्यानं बोटावरचा डिंक पुसला. "दुसरं म्हणजे ते माझ्या मनातच आलं नाही. पाय घासायला बसलो तेव्हा ठरावाचं कुठं डोक्यात होतं? टोचणारा पाय माझ्या टेबलावरनं खाली जाऊ देऊ? चाळीस वर्षांत जाऊ दिला नाही. तो तुमचा होता म्हणून नव्हे. कुणाचाही असता."

"त्या बाईचा गुडघा गेला."

"ऐकलं मी." मिस्त्रीनं वाटी परत केली. "मी रागावलोय ते टेबलासाठी नाही, तात्या. तुम्ही हातात कानस घेऊन म्हातारे झालात. हातानं घासलेलं आणि यंत्रानं कोरलेलं, घालून पाच दिवस हिंडलात तरी कळलं नाही तुम्हाला?"

कळलं नव्हतं हे खरं. आणि का कळलं नाही तेही त्याला ठाऊक होतं. तो पायाकडं बघतच नव्हता. तो आपल्या खुर्चीकडं बघत होता.

चव्वेचाळीस माणसांना यंत्राचे पाय गेले होते. त्यांतल्या ज्यांना दुखत होतं ते येऊन भांडून गेले, त्यांचे पाय कंपनीनं बदलूनही दिले. पण साखरवाले, लुळे, ज्यांच्या पायात जाण नाही, ते सगळे गप्प होते. कंपनीच्या कागदावर त्यांच्या नावापुढं 'समाधानी' लिहिलेलं होतं.

धारवाल्यानं ठराव लिहिला. टेबल परत मांडायचं. यंत्रातनं निघालेली प्रत्येक वाटी हाताखालनं गेल्याशिवाय द्यायची नाही. कामगारांचे दोन हात नक्की होते. त्याचा तिसरा. चौथा पाहिजे होता.

तो दवाखान्यात गेला. इस्त्रीवाली उशीला टेकून बसली होती. चादर डाव्या बाजूला मांडीपाशीच सपाट झाली होती. तो सगळं बोलला. अस्तर, ओरखडे, लाल रेघ, काही झाकलं नाही. ती ऐकत होती आणि चादरीची घडी अंगठ्यानं सरळ करत होती.

"गुरुवारी बैठक आहे. चाकाची खुर्ची आणतो, रिक्षा आणतो. तुम्ही नुसता हात वर करायचा, बाई. नुसता हात."

"तुमच्याकडं बघून?"

बोलताना वर गेलेला हात त्यानं खाली घेतला.

"एकदा तुमच्या हाताकडं बघून हात वर केला, भाऊ. तुमचं खोटं नव्हतं, मला माहीत आहे. पण माझा पाय तुमच्या पायासारखा नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही." तिनं घडी सोडली. "माझी खुर्ची दुसऱ्याला द्या. मला आता खुर्चीच मिळाली आहे जन्माची, आणखी एक कशाला?"

तिच्या ओठांवर हसू असावं असं त्याला वाटलं. वर बघितलं तर नव्हतं.

गुरुवारी तो एकटाच गेला. वाटी पिशवीतनं काढून टेबलावर ठेवली आणि सरळ सांगितलं, "मी या खुर्चीवरनं खोटं बोललो. जाणूनबुजून नाही, पण खोटंच. ज्या पायावर तुम्ही सगळ्यांनी मत दिलं तो यंत्राचा नव्हताच." साहेबांनी वाटी हातात घेऊन आत बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. माणूस खरंच वाईट नव्हता. पण जुनी खोली आता यंत्राची होती, रांग आठवड्यावर आली होती, आणि लोक त्यांना रस्त्यात थांबवून आशीर्वाद देत होते.

"एका माणसाच्या दुखण्यावरनं सगळं उलटं फिरवायचं का?" कंपनीचा एक जण म्हणाला. "आपण चव्वेचाळीस जणांना विचारलंय. एकेचाळीस समाधानी आहेत."

"त्यांच्यातल्या किती जणांना पाय जाणवतो, ते विचारलंत का?"

"तक्रार असती तर आली असती."

मत झालं. तीन इकडं, तीन तिकडं. सातवी खुर्ची रिकामी. नियम असा होता की बरोबरी झाली तर अध्यक्षाचं मत दोनदा धरायचं. साहेबांनी खूप वेळ पेनशी चाळा केला आणि मग हळूच म्हणाले, "आहे तसं राहू द्या. पुढं बघू." इस्त्रीवालीचा गुडघा याच टेबलावर गेला होता आणि आता तिच्या नसण्यानं ठरावही गेला.

तिच्या जागी पुन्हा चिठ्ठ्या पडल्या. या वेळी निवडून आला तो रिक्षावाला. मोठ्या आवाजाचा, हसरा, पोटाचा घेर मोठा. तोही साखरवाला, त्यालाही यंत्राचा पाय. पहिल्याच बैठकीत धारवाल्यानं पुन्हा तोच ठराव मांडला तसा तो टेबलावर थाप मारून म्हणाला, "तात्या, तुमची बडबड मी फार ऐकून आहे. पण मी तर दिवसभर रिक्षा हाकतो. मला बुवा काहीही दुखत नाही. झकास आहे पाय!"

कंपनीचे तिघं हसले.

धारवाला उठला. टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "मोजा काढा."

"आँ?"

"पाय उतरवा आणि मोजा काढा. सगळ्यांसमोर."

"अहो, काय लाजबिज आहे की नाही? बैठक आहे ही."

"मी बगळ्यासारखा नाचलो होतो इथं. तुम्ही नुसता मोजा काढा."

रिक्षावाल्यानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी मान हलवली नाही, नकारही दिला नाही. मग तो हसत-हसत वाकला, पट्टे सोडले, पाय काढून टेबलाच्या पायाशी उभा केला. मोजा गुंडाळत खाली आणला. शेवटच्या वेढ्याला तो चिकटला. त्यानं ओढला.

मोज्याच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा डाग होता. मधे लाल, कडेनं पिवळा. लिपस्टिकचा नव्हता.

रिक्षावाला त्या डागाकडं बघत राहिला. त्यानं पायाच्या टोकाला बोट लावून बघितलं, दाबलं, पुन्हा दाबलं. "हे केव्हा झालं?" तो स्वतःशीच म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला होता. "मला काहीच... केव्हा झालं हे?"

मत घेतलं तेव्हा त्याचा हात पहिला वर गेला. कुणाच्या हाताकडं न बघता. कामगारांचे दोन, धारवाल्याचा एक. चार. आणि मग बराच वेळ खाली राहिलेला साहेबांचाही, पाचवा.

टेबल मांडलं गेलं. जिन्याखालच्या अडगळीत, पण मांडलं गेलं. मिस्त्री आठवड्यातनं दोन दिवस येतो. फळ्या रिकाम्या आहेत, साचे पहिल्यापासनं घ्यायचे आहेत. बोलावून आणलेल्या गप्प माणसांतल्या नऊ जणांच्या मोज्यांवर डाग निघाले. दोघांना उशीर झाला होता.

ठराव झाला त्याच संध्याकाळी धारवाला सांगायला गेला. इस्त्रीवालीनं टेबलाचे पाय कापून ते बुटकं करून घेतलं होतं आणि चाकाच्या खुर्चीत बसून ती एक सदरा करत होती. बसून इस्त्रीला जोर लागत नाही, त्यामुळं ती अर्धी उठायची, कोपरावर भार द्यायची आणि पुन्हा बसायची. कोपराला फडकं बांधलेलं होतं. त्यानं सगळं सांगितलं. मोजा, रिक्षावाला, पाच हात.

"बरं झालं," ती म्हणाली. कॉलर उलटी केली, त्यावरनं इस्त्री फिरवली.

तो उभाच होता. तिनं त्याला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सदऱ्याची घडी पुरी करून बाजूला ठेवली आणि मग पहिल्यांदाच त्याच्या पायाकडं बघितलं.

"तुमचा काय म्हणतो?"

"बरा आहे."

"असणारच," ती म्हणाली आणि दुसरा सदरा ओढून घेतला.